मापाच्या वहीतली झोप: घरात मानसिक आजार असेल तर रात्र कशी सांभाळायची

मी ब्लाउज शिवते. कोल्हापुरात शुक्रवार पेठेत, घराच्या पुढच्या खोलीत, ३० वर्षं झाली. माझ्या धाकट्या भावाला बायपोलरचा आजार आहे, म्हणजे मन कधी फार वर चढतं, कधी फार खाली उतरतं, त्यालाही आता १९ वर्षं होतील. तो उद्यमनगरात लेथवर काम करतो, वेळेवर गोळ्या घेतो आणि रविवारी तांबड्या रश्श्यावर आम्हा सगळ्यांपेक्षा जास्त ताव मारतो. मी हे लिहितेय आणि तो शेजारी बसून वाचतोय. नाव घालायचं नाही, एवढीच त्याची अट.

ओपीडीच्या बाकावर बसलं की कुणीतरी विचारतंच, "तुमचा रातचं झोपतोय का ओ?" मग प्रत्येकीकडं एकेक उपाय असतो. जायफळ उगाळून द्या, म्हशीचं गरम दूध द्या, तळपायाला तेल चोळा, मेडिकलमधली ती छोटी गोळी द्या. मी हे सगळं करून बसलेय. पहिली पाच-सहा वर्षं माझी चूक एकच होती. झोप कशी बिघडलीय ते न बघताच मी उपाय शोधत होते. माप न घेता कापडाला कात्री लावायची, तसं.

झोप कशी बिघडलीय ते आधी बघा

एकाच माणसात मी चार तऱ्हा बघितल्या, आणि चारींचा इलाज वेगळा निघाला.

पहिली तऱ्हा चढतीची. डॉक्टर त्याला मेनिया म्हणतात, आमच्या घरात "वर गेलाय" म्हणतात. तेव्हा तो तीन तास झोपतो आणि पहाटे चारला ताजातवाना. गाडी पुसून लख्ख करतो, भांडी घासतो, आणि मला हलवून उठवतो, "आक्का, ऊठ की! आपण चपलांचा धंदा काढूया, डायरेक्ट दुबईला माल." झोप लागत नाही अशी त्याची तक्रार नसतेच, कारण झोपेची गरजच वाटत नसते. हा फरक नीट ध्यानात घ्या. साधा निद्रानाश झालेला माणूस दुसऱ्या दिवशी पेंगतो, चिडचिडतो, झोपेसाठी तळमळतो. चढतीवरचा माणूस तीन तास झोपूनही थकत नाही. आम्हाला पहिल्यांदा वाटलं होतं, पोरगं सुधारलं, कामाला लागलं. आईनं तर शेजारी पेढे वाटले होते.

आणि हे उलटंही चालतं. चढतीमुळं झोप उडते, तशी झोप उडाल्यानं चढतीही येते. ते आम्हाला फुटबॉलनं शिकवलं. कोल्हापुरात वर्ल्ड कप म्हणजे काय ते बाहेरच्याला सांगून कळायचं नाही. गल्लीत एका बाजूला अर्जेंटिनाचा झेंडा, दुसऱ्या बाजूला ब्राझीलचा, आणि मधून जाणाऱ्यानं आपण कुठल्या बाजूचे ते सांगायचं. २०२२ चे सामने कतारला होते, त्यातले बरेच आपल्याकडं रात्री साडेबाराला सुरू व्हायचे. दोन आठवडे तो मंडळात बसून सामने बघत होता. मीही म्हटलं, असू दे, चार वर्षांनी एकदा येतंय. अर्जेंटिना-नेदरलँड्सचा सामना पेनल्टीवर गेला आणि संपेपर्यंत पहाटेचे तीन वाजून गेले. त्या रात्री तो झोपलाच नाही, आणि दुसऱ्या रात्री झोप नको म्हणाला. १८ डिसेंबरला अर्जेंटिनानं कप उचलला तेव्हा आमचा गडी दवाखान्यात दाखल होता. निकाल मी त्याला सकाळी सांगितला.

दुसरी तऱ्हा उतरतीची. रात्री दहाला झोप लागते, पण साडेतीनला डोळे टक्क उघडे. सकाळ त्याला सगळ्यात जड जाते, संध्याकाळी जरा माणसात येतो. उदासीच्या आजारात असं पहाटे लवकर जाग येणं फार जणांना होतं. काहींचं उलट होतं, बारा-चौदा तास अंथरुणात. त्याला आळस म्हणू नका. आमच्याकडं एका पाहुण्यानं म्हटलं होतं, ते त्याच्या अजून लक्षात आहे.

तिसरी तऱ्हा पायांची. एकदा नवीन गोळी सुरू झाली आणि आठवड्याभरात हा रात्रभर माडीवर येरझाऱ्या घालायला लागला. बसला की उठायचा, उभा राहिला की पाय बदलत राहायचा. मला वाटलं, परत वर चालला. डॉक्टरांना फोनवर "वर गेलाय" असंच सांगितलं असतं तर कदाचित तीच गोळी वाढली असती. पण त्यानं स्वतःच सांगितलं, "डोकं शांत हाय ओ, अंगच बसू देईना." ती अकॅथिजिया निघाली, मनोविकाराच्या काही गोळ्यांनी होणारी अंगाची अस्वस्थता. डोस बदलला, बरं वाटलं. म्हणून गोळी कधी सुरू झाली आणि त्रास कधी सुरू झाला, या दोन तारखा शेजारी शेजारी लिहून ठेवा. फक्त रात्री आडवं झाल्यावरच पायात वळवळ होत असेल आणि पाय हलवल्यावर बरं वाटत असेल, तर ते आणखी वेगळं. त्यात कधी कधी रक्तातलं लोह कमी निघतं, तपासून घ्यायला सांगा.

चौथी तऱ्हा घोरण्याची. काही गोळ्यांनी भूक आणि वजन वाढतं, त्याचं १४ किलो वाढलं. मग घोरणं इतकं, की पलीकडच्या घरातून विचारणा. घोरता घोरता मध्येच श्वास थांबायचा, मग दचकून मोठा श्वास. आठ तास झोपूनही दिवसभर पेंग. आम्ही त्याचं खापर गोळ्यांवर फोडत होतो. मी मोबाइलवर दोन मिनिटांचा व्हिडिओ काढून डॉक्टरांना दाखवला, मग स्लीप स्टडी, म्हणजे झोपेतली तपासणी, झाली. याला स्लीप एपनिया म्हणतात, आणि यात वरून झोपेची गोळी दिली तर श्वासाचा त्रास वाढू शकतो. त्याचा प्रकार सौम्य होता, उताणं झोपल्यावर जास्त. मी त्याच्या बनियनला पाठीवर मधोमध खिसा शिवला आणि त्यात रबरी चेंडू घातला. उताणा झाला की चेंडू टोचतो, गडी आपोआप कुशीवर. डॉक्टर हसले, पण चालू ठेवा म्हणाले. ज्यांचा त्रास जास्त असतो त्यांना रात्री श्वासाचं मशीन लावावं लागतं, तिथं चेंडूवर भागत नाही.

बाकावरच्या ओळखीतून आणखी दोन गोष्टी कळल्या. स्किझोफ्रेनियात, म्हणजे भास आणि संशयाच्या आजारात, पुष्कळ जणांची रात्र आणि दिवस उलटे होतात. एक मावशी सांगत होत्या, त्यांच्या मुलाला घर झोपल्यावरच बरं वाटतं, कारण कुणी आपल्याकडं बघत नाही. आणि अपघात किंवा मारहाणीनंतर ज्यांना तीच तीच वाईट स्वप्नं पडतात, त्यांच्यासाठी एक साधी वाटणारी पद्धत आहे. दिवसा ते स्वप्न लिहायचं, शेवट आपल्या मनासारखा बदलायचा, आणि तो बदललेला शेवट रोज मनात घोळवायचा. ती समुपदेशकाकडून शिकून घ्यावी.

वही

माझ्या मापाच्या वहीत उंची, छाती, कंबर, बाही असे रकाने असतात. तसेच झोपेचे पाडले. दिवा किती वाजता मालवला, अंदाजे झोप कधी लागली, किती वेळा जाग, उठला किती वाजता, दुपारी झोपला का, गोळी किती वाजता घेतली, दुपारनंतर चहा किंवा मावा, आणि मन कसं आहे ते ० ते १० मध्ये. सकाळी चहाच्या वेळी दोन मिनिटांत लिहायचं. रात्री घड्याळ बघून लिहायचं नाही, त्यानंच झोप उडते. त्याच्या खोलीतलं भिंतीवरचं घड्याळ मी काढून पुढच्या खोलीत आणलं.

पहिल्या महिन्यात त्याला राग यायचा. "मी काय चोर हाय व्हय, पाळत ठेवालीस?" मग वही त्याच्याच हातात दिली. आता तो लिहितो, मी फक्त आठवण करते. जमत नसेल तर ओढून लिहून घेऊ नका, आठवड्यातले चार दिवस लिहिले तरी डॉक्टरांना चित्र दिसतं. नाहीतर ओपीडीत पाच मिनिटं मिळतात, त्यात "झोप कशी आहे?" "बरी आहे." झालं.

वहीवरूनच आमचा इशाऱ्याचा आकडा ठरला. तो बरा असताना, तो, मी आणि डॉक्टर एकत्र बसून ठरवला: सलग दोन रात्री पाच तासांच्या आत झोप आणि तरीही अंगात तरतरी, तर त्याच दिवशी फोन. पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही. हा आकडा आमचा आहे, तुमचा तुमच्या डॉक्टरांसोबत ठरवा. पण ठरवा बरं असताना. वर गेलेल्या माणसाला "तू वर गेलायस" हे पटवणं म्हणजे पंचगंगेला उलटं वाहायला सांगणं.

झोपायची नाही, उठायची वेळ धरा

झोप हुकमावर येत नाही, उठणं मात्र हातात असतं. म्हणून आम्ही सकाळचे सहा धरून ठेवले. रात्र वाईट गेली तरी सहा, रविवारी फार तर साडेसहा. उठला की किटली घेऊन गंगावेशेत दूध आणायला जायचं, हे काम त्याचं. समोर म्हशीची धार काढून देतात, तिथं उभं राहिलं की सकाळचा उजेड अंगावर येतो आणि दोन माणसांशी बोलणं होतं. उतरतीच्या दिवसांत मी सोबत जाते. तेव्हा तो बोलत नाही, मीही नाही.

समुपदेशक बाईंनी सांगितलं की अमेरिकेत पिट्सबर्गच्या एलन फ्रँक यांनी बायपोलरसाठी जी उपचारपद्धत बसवली, तिचा पाया असाच आहे. पाच वेळा रोज सारख्या ठेवायच्या: अंथरूण सोडणं, पहिल्या माणसाशी बोलणं, काम सुरू करणं, रात्रीचं जेवण आणि झोपणं. आमचं जेवण पूर्वी साडेदहाला व्हायचं, ते आठवर आणताना घरात महिनाभर कुरकुर झाली. सगळ्यात जास्त माझीच.

दुपारची झोप अर्ध्या तासावर नाही, तीही तीनच्या आत. चहा चारनंतर बंद. मावा, तंबाखू हे उत्तेजक आहेत, "सुस्ती येते" असं खाणाऱ्याला वाटतं तेवढंच. आणि क्वार्टर मारली की झोप लागते म्हणतात, लागते खरी, पण उत्तररात्री मोडते. वर गोळ्यांसोबत ती जिवावर बेतू शकते.

अंथरूण फक्त झोपायला. वीसेक मिनिटं झाली असं वाटलं आणि झोप नाही, तर उठून मंद दिव्यात कंटाळवाणं काम करायचं. मी त्याला हुक-बटणांचा डबा देते, आकारानुसार वेगळी करायला. पंधरा मिनिटांत डोळे जड होतात. वर चाललेला असेल तर मात्र डब्याचा उपयोग नाही, तेव्हा तो बटणांचं दुकान काढायचा बेत आखतो. मोबाइल साडेनऊला माझ्या मशीनच्या ड्रॉवरमध्ये.

एक सावधगिरी. निद्रानाशासाठी अंथरुणातला वेळ मुद्दाम कमी करत जायची एक चांगली पद्धत आहे, मोबाइलवर तिचे व्हिडिओ दिसतात. बायपोलर असलेल्यानं ती स्वतःच्या मनानं करू नये. झोप कापली की चढती सुरू होऊ शकते, हे वर सांगितलंच.

गोळ्या

२००९ साली मी एका मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय झोपेसाठी अल्प्राझोलामची गोळी आणली होती. दहा दिवस घर शांत. मग एका गोळीनं भागेना, दोन झाल्या. मी घाबरून एकदम बंद केली, तर तीन रात्री डोळ्याला डोळा नाही, हात थरथर, घामानं अंथरूण भिजलेलं. या गोळ्यांची सवय लागते, आणि रोज घेणाऱ्यानं त्या अचानक तोडल्या तर फीटसुद्धा येऊ शकते. कमी करायच्या त्या डॉक्टरांनी आखून दिलेल्या पायऱ्यांनी. २०१४ पासून अल्प्राझोलाम, झोल्पिडेम अशा गोळ्या एच-१ यादीत आहेत, म्हणजे चिठ्ठी हवीच आणि दुकानदारानं रजिस्टरला नोंद करायची. कुणी तशीच देतोय म्हणून घेऊ नका.

आजाराच्या गोळीनं सकाळी गुंगी राहत असेल तर ती स्वतः अर्धी करू नका, वेळ विचारा. त्याची रात्रीची गोळी अकराला होती, डॉक्टरांनी नऊला आणली आणि सकाळचं दूध वेळेत यायला लागलं. काही उदासीच्या गोळ्या उलट झोप उडवतात, त्या सकाळी चालतील का ते विचारून घ्यावं.

लिथियम ही बायपोलरवरची गोळी, ती घेणाऱ्यांसाठी वेगळं सांगते. त्यानं तहान आणि लघवी वाढते, रात्री दोन-तीनदा उठावं लागतं. म्हणून कुणी पाणी तोडतं. तोडू नका, अंगातलं पाणी कमी झालं की रक्तातलं लिथियम चढतं. अंगदुखीवर आयबुप्रोफेनसारखी गोळी घेतल्यानंही चढतं. उलट्या, जुलाब, हात जोरात कापणं, झोकांड्या जाणं दिसलं तर लगेच दवाखाना. आणि लिथियमच्या तपासणीचं रक्त शेवटच्या गोळीनंतर १२ तासांनी द्यायचं, रात्री नऊची गोळी तर सकाळी नऊला, सकाळची गोळी असेल तर ती रक्त दिल्यावर.

आईनं जोतिबाचा गुलाल लावला, अंगारा लावला, मी कधी अडवलं नाही. गोळी चुकली नाही म्हणजे झालं.

आपल्या गावच्या रात्री

पूर्वी तो एमआयडीसीत होता, दर आठवड्याला पाळी बदलायची. रात्रपाळीच्या आठवड्यानंतर दोनदा आजार उलटला. डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन कायमची दिवसपाळी मागितली, तिथं जमलं नाही. मग पगार थोडा कमी घेऊन उद्यमनगरात आला. माझ्या मते १९ वर्षांतला सगळ्यात मोठा उपचार तो होता. हे घराच्या खर्चाचं आहे, सगळ्यांना परवडत नाही, हेही मला कळतं.

अनंत चतुर्दशीची मिरवणूक महाद्वार रोड, पापाची तिकटी, गंगावेस करत दुसऱ्या दिवसापर्यंत चालते, आणि डॉल्बीनं आमच्या कपाटातले ग्लास वाजतात. आरती झाली की आम्ही त्याला मावशीकडं, राधानगरीकडच्या गावी पाठवतो. पहिल्या वर्षी तो रुसला होता, आता स्वतःच पिशवी भरतो. ज्यांना जायला घर नाही त्यांनी कानात बोळे, आतली खोली, आणि खिडकीला काळं अस्तर लावलेला दुहेरी पडदा.

ऑगस्ट २०१९ च्या पुरात पाणी पेठेत आलं तेव्हा आम्ही एका शाळेत राहिलो. वर्गात रात्रभर ट्यूबलाइट, माणसं, रडणारी पोरं. मी उरलेल्या अस्तराची डोळ्यांवर बांधायची पट्टी हातानं शिवली. तेव्हापासून गोळ्यांची पट्टी, चिठ्ठीची झेरॉक्स आणि ती डोळ्यांची पट्टी, तिन्ही एका प्लॅस्टिकच्या पिशवीत दाराजवळ असतात.

वाट बघायची नाही अशा रात्री

उतरतीत पहाटे साडेतीनला जागा असलेला माणूस एकटा राहू देऊ नका. मी सरळ विचारते, "जीव द्यावासा वाटतोय का रे?" विचारल्यानं तसला विचार डोक्यात शिरत नाही, असला तर बाहेर येतो. हो म्हणाला तर सोबत सोडायची नाही, गोळ्या आणि माझ्या कात्र्या कुलपात, आणि दवाखाना. रात्री-अपरात्री १४४१६ वर टेली-मानस आहे, सरकारी, फुकट, २४ तास, मराठीत बोलतात. रुग्णवाहिकेला १०८. सीपीआरला, म्हणजे आमच्या कोल्हापुरातल्या सरकारी दवाखान्यात, मानसोपचार विभाग आहे, केसपेपर काढून दाखवता येतं. वर गेलेल्या माणसाला खोलीत बांधून ठेवा असं सांगणारे शहाणे भेटतात. साखळीनं बांधणं तर २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानंच मना केलंय.

दोन रात्री अजिबात झोप नाही, संशय, भलतेसलते आवाज ऐकू येणं, पैसे उधळणं, यात कुठल्याही घरगुती उपायात वेळ घालवायचा नाही. बटणांचा डबाही नाही.

आणि तुमची झोप

लग्नसराईत मी रात्री दीडपर्यंत मशीन चालवायची. त्याची खोली भिंतीपलीकडं. वर्षानुवर्षं मी त्याची झोप मोजत होते आणि माझ्याच मशीनचा आवाज मला ऐकू येत नव्हता. समुपदेशक बाईंनी विचारलं, "रात्री घरात कसला आवाज असतो?" तेव्हा माझी मान खाली गेली. आता दहाला मशीन बंद, राहिलेलं काम सकाळी. दिवाळीच्या आधी दोन गिऱ्हाइकं तुटली, तुटू देत.

आजारपण जोरात असेल तेव्हा मी आणि भाची पाळ्या लावतो, एक रात्र ती, एक रात्र मी. सलग चार रात्री एकटीनं जागलं की पाचव्या दिवशी आपण त्याच्यावर ओरडतो.

मागच्या महिन्यात वही चाळताना दिसलं, शेवटी एक रकाना जास्तीचा पाडलाय, त्याच्या अक्षरात. वर लिहिलंय "आक्का". खाली रोजचे आकडे: साडेपाच, पाच, सहा, साडेचार. साडेचारपुढं त्यानं पेन्सिलीनं गोल केलाय. हे वाचून तो आत्ता म्हणाला, "तुला फोन करायचा आकडा किती ठरवूया?"